मरणाच्या आधीचं बोलणं : एल ग्रेकोचा ‘संत मॉरिस’

(दादर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे आवाज येतोय ना? ठीक. चित्र अजून लावू नका, पडदा जरा वेळ कोरा राहू दे. चित्र समोर आलं की माणसं ऐकायची थांबतात, आणि मला आधी थोडं सांगायचं आहे.

तुमच्यापैकी काही जण आज ‘पोर्तुगीज चर्च’च्या स्टॉपवर उतरून चालत आला असाल. आपण दादरकर हे नाव इतक्या सहज घेतो की त्यातला ‘पोर्तुगीज’ ऐकूच येत नाही. आज तिथे उभी आहे ती इमारत चार्ल्स कोरिआंची, 1970 च्या दशकातली. पण मूळ चर्च 1596 चं, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी उभारलेलं. आता गंमत बघा. 1596 साली पोर्तुगालच्या गादीवर पोर्तुगीज राजा नव्हताच. 1580 मध्ये ती गादी रिकामी झाली आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ती घेतली. पुढची साठ वर्षं, 1640 पर्यंत, गोवा, वसई, माहीम, ही आपली बेटं, सगळं कागदोपत्री माद्रिदच्या राजाचं. म्हणजे दादरला ते चर्च उभं राहिलं तेव्हा इथल्या जमिनीचा धनी हा दुसरा फिलिप. आज ज्या चित्राबद्दल बोलायचं आहे ते त्याच फिलिपने सांगून करवून घेतलं, पैसे मोजले, आणि मग ज्या वेदीसाठी करवून घेतलं होतं तिथे लावलं नाही.

का लावलं नाही, एवढाच आजचा प्रश्न. वरवर बघता कलेच्या इतिहासातला किस्सा आहे. मला तो तसा वाटत नाही.

फिलिप माद्रिदजवळ एस्कोरियालला एक प्रचंड वास्तू बांधत होता. मठ, राजवाडा, चर्च, राजघराण्याची दफनभूमी, ग्रंथालय, सगळं एका छपराखाली. 1563 ला काम सुरू झालं, 1584 ला संपलं. चर्चमधल्या अनेक वेद्यांसाठी संतांची चित्रं हवी होती. त्यांतला मोठा भाग नाव्हारेते नावाच्या चित्रकाराकडे सोपवला होता. हा लहानपणापासून बहिरा, बोलू न शकणारा, म्हणून लोक त्याला ‘मुका’च म्हणत. त्याच्या करारात एक अट होती : चित्रात कुत्री-मांजरं घालायची नाहीत. हसू नका, अट गंभीर आहे. भक्ताचं लक्ष विचलित होईल असं काहीही नको, हा तिचा अर्थ. 1579 मध्ये नाव्हारेते वारला. जागा रिकामी झाली आणि 1580 मध्ये ‘संत मॉरिसचं हौतात्म्य’ हे काम एका परक्या माणसाला मिळालं.

तो परका म्हणजे दोमेनिकोस थिओतोकोपुलोस. नाव उच्चारता येईना म्हणून लोकांनी ‘एल ग्रेको’ केलं, म्हणजे ‘तो ग्रीक’. आपल्याकडे ‘मद्राशी’ म्हणतात ना, तसंच. 1541 मध्ये क्रीट बेटावर जन्म. तेव्हा क्रीट व्हेनिसच्या ताब्यात होतं. आधी तो बायझंटाइन पद्धतीची मूर्तिचित्रं काढायला शिकला, सोनेरी पार्श्वभूमी आणि सरळ समोर बघणारे संत. मग व्हेनिसला गेला, तिथून रोमला, आणि 1577 मध्ये स्पेनमधल्या तोलेदो शहरात आला. राजाचं काम मिळणं म्हणजे नशीब उघडणं. राजाने मठाधिपतीला कळवलं की याला पैसे द्या, चांगले रंग द्या, विशेषतः लाजवर्दी निळा. तो निळा लाजवर्द दगड कुटून बनायचा, दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, आणि महाग असायचा. चित्रात तो सढळ हाताने वापरलेला दिसेल.

नोव्हेंबर 1582 मध्ये एल ग्रेको स्वतः चित्र घेऊन एस्कोरियालला पोचला. राजा तिथे नव्हता. तो लिस्बनला होता, नव्या राज्याची घडी बसवत, म्हणजे आपल्याकडच्या कारभाराची कागदपत्रं बघत म्हणा. 1583 मध्ये तो परतला, चित्र पाहिलं, आणि ते त्याला आवडलं नाही. चित्रकाराला 800 डुकाट दिले गेले. वेदीसाठी त्याच विषयाचं दुसरं चित्र रोमुलो चिंचिनातो नावाच्या इटालियन चित्रकाराकडून काढून घेतलं. एल ग्रेको तोलेदोला परत गेला, 1614 मध्ये तिथेच वारला. राजाचं काम त्याला पुन्हा मिळालं नाही.

आता गोष्ट. मॉरिस हा रोमन सैन्यातला सेनानी. त्याची पलटण इजिप्तमधल्या थीब्जची, सगळे ख्रिस्ती. आख्यायिकेत आकडा आहे 6,666. तिसऱ्या शतकाच्या शेवटी सम्राट मॅक्सिमियनने त्यांना आल्प्समध्ये आणलं, आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या आगौनमला. तिथे हुकूम झाला : देवांना बळी द्या. दुसऱ्या पाठात आहे की आपल्याच धर्माच्या लोकांना मारा. पलटणीने नकार दिला. मग दर दहांमागे एकाचं डोकं उडवलं. उरलेल्यांनी पुन्हा नकार दिला. पुन्हा दहांमागे एक. शेवटी सगळेच. लक्षात घ्या, हातात शस्त्रं असलेले सैनिक आहेत हे. त्यांनी शस्त्र उचललं नाही आणि हुकूमही पाळला नाही. पाचव्या शतकात लियाँचा बिशप यूखेरियस याने ही कथा लिहून ठेवली. इतिहास म्हणून ती कितपत टिकते यावर वाद आहेत, ते आज बाजूला ठेवू.

लावा चित्र.

हं. आधी आकार सांगतो, पडद्यावर तो कळत नाही. साधारण साडेचार मीटर उंच, तीन मीटर रुंद. 2009 मध्ये मी ते एस्कोरियालमध्ये पाहिलं, तेव्हा मान दुखेपर्यंत वर बघत होतो. पुढची माणसं जवळजवळ आपल्याएवढी आहेत आणि ती चित्राचा उजवा भाग अडवून उभी आहेत. निळ्या चिलखतातला दाढीवाला, तो मॉरिस. शेजारी त्याचे अधिकारी. मोठा झेंडा घेतलेला एक जण आहे. चिलखतं बघा. धातूची वाटतच नाहीत, अंगावर रंग फासलेला वाटतो. छाती, बरगड्या, पोट सगळं उमटलेलं. पाय उघडे, आणि उभं राहण्याची तऱ्हा सैनिकाची नाही, नर्तकाची. हातांकडे बघा. या चित्रात चेहऱ्यांपेक्षा हात जास्त बोलतात. कुणी ओरडत नाहीये, कुणी रडत नाहीये. चौघेपाच जण काहीतरी ठरवत उभे आहेत.

आणि हौतात्म्य कुठे आहे? चित्राच्या नावात ते आहे, मग दिसायला हवं. शोधा. डावीकडे, मागे, लहान. गुडघ्यावर वाकलेला एक जण, तलवारवाला, जमिनीवर एक धड. त्यामागे उघड्या अंगाच्या सैनिकांची रांग, वळत वळत दूर जाणारी. वर ढग फाटलेत, देवदूत मुकुट आणि झावळ्या घेऊन उतरतायत, काही वाजवतायत. हा वरचा भाग मला फारसा आवडत नाही, आधीच सांगून टाकतो. देवदूत छान आहेत, पण इतके उत्साही आहेत की लग्नघरातल्या वाजंत्र्यांची आठवण येते. खाली उजव्या कोपऱ्यात एक साप आहे, त्याच्या तोंडात कागदाचा तुकडा, आणि त्यावर चित्रकाराची ग्रीक अक्षरांत सही. स्पेनच्या राजाच्या वेदीसाठीचं चित्र आणि सही ग्रीकमध्ये. हा माणूस नरम नव्हता.

रंग पडद्यावर उतरत नाहीत. थंड निळा, लिंबासारखा पिवळा, गुलाबी, मधेच हिरवट छटा. उन्हातले रंग नाहीत हे. वीज चमकल्यावर क्षणभर जसं सगळं दिसतं, तसा उजेड आहे.

या शैलीला ‘मॅनरिझम’ म्हणतात. मराठीत कुणी ‘रीतिवाद’ म्हणतं, कुणी ‘रीतिलाघववाद’. दुसरा शब्द उच्चारता उच्चारता चित्र बघायचं राहून जातं. ‘रीती’ म्हटलं की आपल्याला वामन आठवतो, पण वामनाला रीती हा काव्याचा आत्मा वाटला. इथे मात्र हा शब्द बराच काळ शिवीसारखा वापरला गेला. 1520 मध्ये राफाएल वारला. त्यानंतरच्या पिढीपुढे अडचण होती ती अशी की सगळं साधून झालं होतं. प्रमाणबद्ध देह झाला, खोली झाली, समतोल झाला. मग त्यांनी देह लांबवले, मधली जागा रिकामी सोडून कडेला गर्दी केली, महत्त्वाची घटना मागे ढकलली. नुसती हौस म्हणूनही हे पुष्कळांनी केलं. काहींची चित्रं बघताना वाटतं की माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच हाताची नक्कल करतोय. म्हणून प्रश्न हा की एल ग्रेकोने मरण मागे ढकललं ते हौस म्हणून, की त्याला काही म्हणायचं होतं?

राजाचं म्हणणं आपल्याला होसे दे सिग्वेन्सा या एस्कोरियालच्याच संन्याशाकडून कळतं. त्याने 1605 मध्ये लिहिलं. त्याच्या सांगण्याचा मतितार्थ असा की चित्र राजाला पसंत पडलं नाही, फारच थोड्यांना पसंत पडतं, जरी त्यात कला पुष्कळ आहे असं जाणकार म्हणत असले तरी. आणि मग तो आपल्या त्या मुक्या नाव्हारेतेचं मत सांगतो : संतांची चित्रं अशी काढावीत की त्यांच्यापुढे प्रार्थना करायची इच्छा नाहीशी होऊ नये.

कलेच्या पुस्तकांतून फिलिपची या जागी बरीच टिंगल होते. प्रतिभावंत चित्रकार, आणि सोवळा, अरसिक राजा. हे खरं नाही. हा राजा तिशियनचा आश्रयदाता होता. हिएरोनिमस बॉशची ती अजब, भुताखेतांनी भरलेली चित्रं त्याने हौसेने जमवली होती. विचित्र चित्राला तो घाबरत नव्हता. पण खासगी दालनातलं चित्र वेगळं आणि वेदीवरचं वेगळं, हे तो जाणत होता. 1563 च्या डिसेंबरात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठराव केला होता की पवित्र चित्रांनी लोकांना शिकवावं, भक्तीला प्रवृत्त करावं, गोंधळात टाकू नये. तुम्ही पंढरपूरला जाता. विटेवर तो उभा असतो, समोर तोंड करून, हात कमरेवर. तुम्ही पोचता, डोळ्यांना डोळे भिडतात, झालं. आता समजा विठोबा कडेला उभा राहून रखुमाईशी आणि पुंडलिकाशी काहीतरी महत्त्वाचं बोलतोय, तुमच्याकडे लक्षच नाही. काय करणार तुम्ही? थोडा वेळ घुटमळाल आणि निघाल. राजाची अडचण हीच होती. मॉरिस दर्शन देत नाही. तो कामात आहे.

हा प्रश्न त्या काळात फक्त एस्कोरियालमध्ये नव्हता. 1579 मध्ये, एल ग्रेको तोलेदोत स्थिरावत होता तेव्हा, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्याला उतरला. पुढे त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत सांगितली, ‘क्रिस्तपुराण’, 1616. आणि त्यासाठी त्याने घेतली ओवी. ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीचं काय आहे, हे त्याने आधी पाहिलं. ट्रेंटच्या ठरावाला असा माणूस हवा होता. एल ग्रेकोने नेमकं उलटं केलं. बघणाऱ्याची सवय मोडली.

म्हणून मी राजाच्या प्रश्नाला चूक म्हणत नाही. भक्तीचं चित्र समोरच्याचं काय करतं, हाच प्रश्न विचारायचा असतो. पण राजाने एक गोष्ट गृहीत धरली, की मॉरिसचं संतपण त्याच्या तुटलेल्या मानेत आहे. चिंचिनातोने तसंच काढलं. मारणं पुढे आणलं, कुणालाही कळेल असं. वेदीवर ते बसलं. वाईट नाही ते चित्र, नीटनेटकं आहे. पण पाहून झाल्यावर घरी काही येत नाही.

‘मार्टर’ हा मूळ ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ मेलेला असा नाही. त्याचा अर्थ साक्षीदार. कोर्टात उभा राहून ‘मी हे सांगतो’ म्हणणारा. मरण हा त्या साक्षीचा परिणाम झाला, साक्ष नव्हे. आपला ‘हुतात्मा’ हा शब्द निराळा आहे, त्यात आहुती आहे, अग्नी आहे. त्यामुळे आपण हुतात्मा म्हटलं की शेवटच्या क्षणाकडेच बघतो. एल ग्रेकोची मातृभाषा ग्रीक. त्याच्यासाठी ‘मार्टिस’ हा घरातला शब्द होता. त्याने साक्ष रंगवली. माणूस ‘नाही’ म्हणायचं कधी ठरवतो, कुणाच्या सोबतीने ठरवतो, ठरवताना त्याचे हात कसे होतात. तलवार पडायच्या आधीच सगळं घडून गेलंय. पुढचं ते वसुलीचं काम, म्हणून ते मागे आणि लहान.

यात राजकारणही आहे, आणि सिग्वेन्सा त्याबद्दल गप्प आहे. 1576 मध्ये फिलिपच्याच पगार थकलेल्या सैन्याने बंड करून अँटवर्प शहर लुटलं होतं. हुकूम न मानणारे सैनिक म्हणजे काय, हे या राजाला चांगलं ठाऊक होतं. आणि चित्रात पुढे उभे आहेत ते सम्राटाचा हुकूम मोडायचं शांतपणे ठरवणारे सैनिक. हे राजाला खटकलं असेल का? मी तसं ठामपणे म्हणणार नाही. विषय त्यानेच दिला होता. पण मरणारे सैनिक बघणं सोपं असतं, विचार करणारे सैनिक बघणं तितकं सोपं नसतं, एवढं म्हणतो.

आपल्या मुंबईतच दोन्ही तऱ्हा आहेत. बाबू गेनूचं चित्र डोळ्यांपुढे आणा. शाळेपासून एकच दृश्य : परदेशी कापडाची लॉरी आणि तिच्यापुढे आडवा झालेला तरुण. 12 डिसेंबर 1930, काळबादेवी. तो गिरणीत काम करायचा, आदल्या रात्री कुणाशी काय बोलला असेल, हे आपल्या चित्रात नाही. आणि फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौकात बघा. गोळीबाराचं स्मारक, पण गोळी नाही, रक्त नाही. दोघे शेजारी-शेजारी उभे, मशाल धरलेले. शिल्प म्हणून ते थोर आहे असं माझं मत नाही, पण ते कुठे उभं राहायचं हे त्याला कळलंय.

इथपर्यंत मी जे बोललो ते मी वर्गात बरीच वर्षं बोलत होतो. मुलांना आवडायचं. आता जे सांगतो ते वर्गात कधी सांगितलं नाही.

आम्ही लालबागचे. चाळीत दोन खोल्या, त्यांत आम्ही आणि काका. काका गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा नुकताच कॉलेजात नोकरीला लागलेला, घरात पगार माझा एकट्याचा. संपाच्या आधी कितीतरी रात्री आमच्या गॅलरीत माणसं उभी असायची. विडी, चहा, हलक्या आवाजात बोलणं. मी आत दिव्याखाली पीएचडीच्या टिपणांत डोकं घालून. विषय काय, तर इच्छास्वातंत्र्य! चार हातांवर माणसं आपलं आयुष्य पणाला लावायचं की नाही यावर बोलतायत, आणि मी कांट वाचतोय. दार लोटून घेतलं होतं, आवाज येत होता म्हणून.

संप ताणला. पुढच्या वर्षी एकदा काका माझ्या टेबलापाशी आले. हे चित्र एका पुस्तकात उघडं होतं. त्यांनी विचारलं, काय रे हे? मी उत्साहाने सगळं सांगितलं. पलटण, नकार, निर्णय पुढे आणि मरण मागे, चित्रकाराची थोरवी. काका पुस्तकावर वाकले. त्यांनी बोट ठेवलं ते डावीकडच्या रांगेवर. म्हणाले, ‘‘ह्ये फुडचे ठरयतत. मागल्यांका कोणी इचारल्यान?’’

मला उत्तर सुचलं नाही. मी काहीतरी म्हणालो, ती आख्यायिका आहे वगैरे. काका नुसते ‘हं’ म्हणाले आणि गॅलरीत गेले. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. संप मागे घेतल्याची घोषणाही कधी झाली नाही.

त्यांचा आक्षेप जबर होता. बघा पुन्हा. पुढच्या घोळक्यात काही चेहरे सोळाव्या शतकातले आहेत, चिलखतही त्या काळचं. त्यांत अभ्यासक सव्हॉयचा ड्यूक इमान्युएल फिलिबर्ट याला ओळखतात. संत मॉरिसच्या नावाची सरदारांची संघटना त्याची होती. म्हणजे पुढे ठरवणारे कोण? सेनापती, ड्यूक, खानदानी माणसं. त्यांना चेहरे आहेत, देखणे हात आहेत, महागडा निळा रंग आहे. मागच्या रांगेला चेहरे नाहीत, कपडेही नाहीत. निर्णयाचं मोठेपण पाचांचं आणि माना सहा हजार सहाशे सहासष्टांच्या. ‘मरण नाही, निर्णय महत्त्वाचा’ असं मी जे थाटात म्हणत होतो, ते पुढे उभ्या असणाऱ्याला परवडतं. आख्यायिकेत प्रत्येक सैनिकाने स्वतः नकार दिलेला आहे, तिच्यातलं सगळ्यांत विलक्षण तेच आहे, आणि चित्राने नेमकं तेच अधिकाऱ्यांच्या हाती दिलं. राजाला चित्र नापसंत होतं त्याहून हे कारण बळकट आहे.

2009 मध्ये मी एस्कोरियालला गेलो तो खरं म्हणजे हे भांडण घेऊन. काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा मी पुढच्या माणसांकडे बघायचं नाही असं ठरवलं. फक्त डावी बाजू. काकांचं बोट होतं तिथे.

आणि तिथे मॉरिस आहे. अहो, हे मला पुस्तकातून माहीत होतं! दुरून वाचलेलं होतं की मॉरिस चित्रात दोनदा येतो. पण बघितलं नव्हतं. पुढे ठरवणारा तोच माणूस मागे, त्या रांगेपाशी, मरणाऱ्यांशेजारी उभा आहे. तो त्यांना धीर देतोय. इथे तो लहान आहे, बाकीच्यांएवढाच. पुढच्या घोळक्यातून निघून तो रांगेपर्यंत आला, तेवढं मधलं अंतर चित्रात रिकामं आहे. तुमची नजर उजवीकडून डावीकडे जाते ना, तेव्हा ती त्याच वाटेने चालते.

याने काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं का? नाही. मागल्यांना कुणी विचारलं हे चित्र सांगत नाही. पण विचारणारा कुठे जाऊन उभा राहिला पाहिजे, हे ते सांगतं. आणि ते त्याने मोठ्या आकारात, समोर काढलं नाही, शोधावं लागतं अशा जागी ठेवलं. मला अजून ठरवता येत नाही की हा चित्रकाराचा संकोच आहे की हुशारी. दर वेळी बघताना मत बदलतं. आज दुपारी इथे येताना वाटत होतं, संकोच.

मी त्या चित्राला हात जोडले नाहीत. राजाचं तेवढं बरोबर होतं, हात जुळत नाहीत. मी बराच वेळ नुसता उभा होतो, मग पहारेकरी बाईंनी घड्याळ दाखवलं.

प्रश्न असतील तर घेऊ. दिवे लावा. हो, त्या मागच्या बाई, विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न : पलटण इजिप्तची होती तर हे सगळे गोरे कसे?)

चांगला प्रश्न आहे, आणि मी तो स्वतःहून घ्यायला हवा होता. एल ग्रेकोच्या आधीही मॉरिस काळा दाखवलेला आहे. जर्मनीत माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातला दगडी पुतळा आहे. साखळ्यांचं चिलखत, आणि चेहरा स्पष्टपणे आफ्रिकी माणसाचा, अतिशय सुंदर. ग्र्यूनेवाल्टने 1520 च्या सुमाराला काढलेला मॉरिसही काळा आहे, म्यूनिकला बघायला मिळतो. म्हणजे परंपरा होती. इटली-स्पेनकडे ती रुजली नाही. एल ग्रेकोला सव्हॉयचा ड्यूक मॉरिसच्या शेजारी उभा करायचा होता, तेव्हा थीब्ज कुठे आहे याची त्याने फिकीर केली नाही. माझ्या काकांच्या आक्षेपाला तुम्ही आणखी एक पुस्ती जोडलीत.

(प्रश्न : आवडलं नाही तर राजाने पैसे का दिले? परत का पाठवलं नाही?)

फेकून दिलं नाही, हे महत्त्वाचं. ठरल्याप्रमाणे पैसे दिले, मठातच ठेवलं, फक्त वेदीवर नाही. चिंचिनातोचं चित्र आजही चर्चमध्ये वेदीवर आहे. लोक एस्कोरियालला जातात आणि एल ग्रेको कुठे आहे ते विचारतात. चिंचिनातोपुढे मी गेलो तेव्हा एक म्हातारी बाई गुडघे टेकून बसली होती. मी तिच्या मागे उभा राहिलो, ती उठेपर्यंत.